ओपलच्या वाट्याचे दिवस

कोल्ड फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
१४ सप्टेंबर १९८८

चि. आयरीन हिस थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

संपाचा आज सहावा दिवस. शाळेच्या फाटकासमोर शिक्षकांच्या बरोबरीने आम्ही स्वयंपाकिणीही उभ्या आहोत. पगारवाढ हवीच, पण मी हटून बसले आहे ती आजारपणाच्या पगारी रजेसाठी. शाळा-बोर्डाचा साहेब म्हणाला, रजा शिक्षकांना, स्वयंपाकीण काय, एक गेली की दुसरी मिळते. मी म्हटलं, मग उद्या दोनशे पोरांचे बीन्स तूच शिजव.

शाळेतल्या जेवणावरच जगणारी पोरं संपात उपाशी राहू नयेत, म्हणून माझ्या जोडीची स्वयंपाकीण ओपल आणि मी चर्चच्या तळघरात रांधतो. पोटातली कळ आहे तशीच आहे. ओहायोत राहून तू अर्धी डॉक्टर झाली आहेस, तेव्हा रागावशीलच.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, व्हर्ला

२० सप्टेंबर

ती. व्हर्लाताईस साष्टांग नमस्कार.

रागावलेच आहे. एरवी म्हणतेस, तपासण्यांना आठवडा जाईल, तेवढ्यात नोकरी जाईल. मग आता संपात कोण तुझी हजेरी घेतंय? आत्ताच जा. पोरांना ओपल वाढेल. ताई, मला फार भीती वाटते आहे.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून,
आयरीन

३० सप्टेंबर

चि. आयरीनला आशीर्वाद.

जिंकलो. पगार वाढला, आणि रजेच्या पेटीत आम्हालाही जागा मिळाली. ज्याला जमेल त्याने आपल्या रजेचा एक दिवस चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा, आजारी माणसाने तो वापरायचा. आजवर ती पेटी फक्त शिक्षकांची होती. एक जानेवारीपासून आमचीही. तेव्हा ऐटीत पगारी आजारी पडेन. संपात जाता आलं नाही, एकट्या ओपलला दोनशे ताटं झेपली नसती.

आता हसून पत्र लिही.
व्हर्ला

२० फेब्रुवारी १९८९

सौ. आयरीनबाई यांस ओपलचा नमस्कार.

व्हर्लाच्या दफनाच्या दिवशी तुमच्याशी धड बोलता आलं नाही. जानेवारीत डॉक्टर म्हणाले, चार महिने आधी यायला हवं होतं. तेव्हा आम्ही दोघी चर्चमध्ये बीन्स ढवळत होतो. जा म्हणून मी तिला एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही. एकटीने दोनशे ताटं वाढायची मला धास्ती होती. हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते आहे.

व्हर्लासाठी पेटीत एकसष्ट चिठ्ठ्या पडल्या होत्या. तिने एकोणीस दिवस वापरले. उरलेले ज्याचे त्याला परत द्यायचा नियम आहे. ऑफिसातल्या बाई चिठ्ठ्या घेऊन वर्गावर्गात फिरल्या, पण एकाही शिक्षकाने आपली परत घेतली नाही. व्हर्लाच्या स्वयंपाकघरातल्या बायकांसाठीच राहू द्या, म्हणाले.

माझ्या छातीत ऑगस्टपासून एक गाठ आहे. व्हर्लाला सांगितलं नव्हतं, तिने मला रांधू दिलं नसतं. सोमवारी तिच्या दिवसांवर मी डॉक्टरकडे जाते आहे.

तिच्यावर होता तसा लोभ माझ्यावरही असू द्या, एवढंच मागणं.
आपली, ओपल