मोटार कोणाची चालू आहे?

मंगळवार, संध्याकाळी सात

सापडलं एकदाचं! वालीवच्या कारखान्यात लेबलं छापणारी माझी कॉम्प्युटरवरची स्क्रिप्ट दोन दिवस एकच रडगाणं गात होती, बारकोड काढणाऱ्या तयार कोडची लायब्ररी नाही म्हणून. अगं बाई, तीनदा टाकली ना! उद्या माल जायचाय, लेबलं काय हाताने लिहायची?

सकाळी होळी गावच्या आमच्या वाडीत वांग्यांना पाणी देणाऱ्या सासऱ्यांपाशी कुरकुरले. त्यांना पायथन ही प्रोग्रामची भाषा काय कळणार? म्हणाले, "पाटात पानी येतंय म्हनून आपलीच मोटार चालू आहे, असं नसतं. मोटारीपाशी जाऊन बघ."

मोटारीपाशी. दिवसभर तेच डोक्यात. शेवटी स्क्रिप्टमध्येच पहिली ओळ घातली: तुला कोणता पायथन चालवतोय, ते छाप. उत्तर आलं, जुना! कॉम्प्युटरवर दोन पायथन. एक माझा, एक माझ्या आधी इथे काम करणाऱ्या माणसाचा. मी लायब्ररी टाकत होते माझ्यात, स्क्रिप्ट चालत होती त्याच्यावर. हे मला आधी का नाही सुचलं? लायब्ररी जुन्यात टाकली आणि लेबलं भराभर बाहेर.

घरी शिरताच सासऱ्यांनी विचारलं, "बघितलीस मोटार?"

"बघितली, बाबा. चालू होती शेजाऱ्याची, आणि मी दोन दिवस आपल्या मोटारीला ग्रीस लावत बसले होते!"