न दाबलेलं बटण

पप्पा, हे लिहायचं मी सात वर्षं टाळलं. एकदा गोकर्णला वही उघडली होती, तिथल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये भांडी घासायला होते तेव्हा. पण बाकीच्या पोरी समुद्रावर निघाल्या नि मी वही तशीच टाकून उठले. माझं तुम्हाला माहीतच आहे.

गेल्या महिन्यात अंबरनाथला परत आले. तुमचा अँटेना आईनं फेकला नाहीये. प्लास्टिकच्या पाइपाला स्टीलच्या मेजर टेपचे तुकडे लावलेला तो माशाचा काटा. ती त्यावर पायमोजे वाळत घालते. "कशाला तरी कामी आला," म्हणते. तेव्हा म्हणायची, "हा माणूस आभाळाशी बोलतो, घरात मुका." तुम्ही हसायचात नि गच्चीवर निघायचात. ती चार जिने कधी चढली नाही.

अजून डोळ्यांसमोर आहे: संध्याकाळ आहे, कंपनीतून येऊन तुम्ही चहासुद्धा घेतलेला नाही. माझं मनगट धरून अँटेना वळवताय. उपग्रह मलंगगडाच्या बाजूनं वर येतो, टिटवाळ्याकडे बुडतो, मध्ये जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यात कुठकुठली माणसं आपापल्या वायरलेस सेटवरून त्याच्यातून एकमेकांना हाका मारतात. मी म्हणते, मी बोलू? "आधी ऐक. बोलायला सगळे टपलेत. हॅम रेडिओची परीक्षा दे, लायसन्स घे, मग बोल. तोवर सेटच्या बोलायच्या बटणाला हात नाही."

परीक्षेला म्हणून मी सकाळी घरातून निघाले. स्टेशनवर मैत्रिणी भेटल्या, बदलापूरला कोंडेश्वरच्या धबधब्यावर चालल्या होत्या. गेले. घरी येऊन म्हणाले, पेपर सोपा होता. तुम्ही दारातल्या माझ्या चपलांकडे बघितलंत. त्यातून अजून पाणी गळत होतं.

"पाण्यात बसून दिलास वाटतं," एवढंच बोललात. आईला सांगितलं नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणालात, पुढच्या वेळी दे. पुढची परीक्षा यायच्या आत तुम्हीच गेलात. मी मग इथे थांबलेच नाही.

काल तुमचा सेट चार्ज करून, अँटेना घेऊन गच्चीवर गेले. नुसतं ऐकायला. पहिल्यांदा खरखर, मग एक म्हातारासा आवाज. स्वतःचा कॉलसाइन, लायसन्सवरचं ते अक्षरं-आकड्यांचं नाव, सांगितला, थांबला. परत सांगितला. मग साधंच म्हणाला, "कोई है?" कुणी उत्तर दिलं नाही. एवढा स्वच्छ येत होता पप्पा, जसा शेजारच्या गच्चीवरून. तुम्ही असतात तर लगेच "बोला साहेब" म्हणाला असतात. मी बटणावर अंगठा ठेवला. दाबला नाही. तुमचं पहिल्यांदाच ऐकलं, तेही नेमकं काल. उपग्रह टिटवाळ्याकडे बुडेपर्यंत तो हाका मारत होता.

परीक्षेची माहिती काढली आहे. फॉर्म भरला, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला. शिक्षणाच्या रकान्यापाशी अडकलेय.

हे गच्चीवरच लिहितेय, टाकीला टेकून. पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही, वहीतच राहील. आजचा उपग्रह यायला पाच मिनिटं आहेत.

थांबा. जिन्यात कुणीतरी धापा टाकतंय.

आई आहे. गुडघा दाबत दारात उभी. "पायमोजे काढलेस ना त्या अँटेनावरचे? दे इकडे, मी धरते. तोंड कुठे करायचं?"

मलंगगडाकडे, म्हटलं.