अंधारात जोडलेला हातोडा

प्रिय अय्याज,

घाईघाईत लिहितेय, म्हणून अक्षर असं कोंबडीच्या पायांचं. आज दुपारी भट्टीवर जे कळलं, त्यानं मी सुन्न झाले आहे.

अब्बा हातोडा कसा करतात ते तू पाहिलंच आहेस. बैलगाडीच्या जुन्या चाकाची लोखंडी धाव दुमडून नरम लोखंडाचं धड, आणि तोंडाला ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद. दोन्ही तापवून एकजीव करायचं. आच कमी पडली तर चिकटत नाही, जास्त झाली तर पोलाद जळून भुसा. अब्बा ती आच लोखंडाच्या रंगावरून ओळखतात. पण बकरी ईदपासून त्यांचा एकही जोड टिकेना. पोलाद ठिणग्या टाकत जळून जायचं आणि अब्बा सगळ्या पुसदला सांगायचे, "माहे डोये गेले." दवाखान्यात चला म्हटलं की अंगावर यायचे. शेवटी त्यांनी ठरवलं, स्वतःसाठी एक हातोडा करून पाहायचा. तोही सुटला तर भट्टी बंद, जागा शेजारच्या सुनीलच्या मोबाइलच्या दुकानाला. तेव्हापासून अम्मी धड जेवत नव्हती.

आज तोच हातोडा आगीत होता आणि वीज गेली. भट्टीला वारा देणारी मोटर बंद, तू बकरी ईदला आलास तेव्हा मोटरच्याच बटनावर जोडून दिलेला तो पांढरा लाइटही बंद. अब्बा ओरडले, "गझाला, जुना भाता वढ!" मी ओढत राहिले. आत पहिल्यासारखा अंधार. अब्बांनी जोड धरायला टाकणखार टाकला, निखाऱ्यांत एकदा निरखून पाहिलं, लोखंड बाहेर काढलं आणि ठोकलं. पाणी दिल्यावर ऐरणीवर दणादण आपटून पाहिलं. तोंड जागचं हललं नाही, अय्याज! मी खुळ्यासारखी नाचले. म्हटलं, अब्बा, डोळे बरे झाले!

ते घाम पुसत म्हणाले, "डोयाले काय झालं व्हतं? एवढ्या उजेडात लोखंडाचा रंग कोनाले दिसते? पिवळं झालं तरी लालच वाटते."

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मी चिडून विचारलं, मग सांगितलं काहून नाही? तर म्हणे, "पोरानं हौसेनं लावला. अब्बाले अंधारात राबा लागू नये म्हने. त्याले कोन्या तोंडानं सांगू, काढ म्हनून?" एवढ्यात वीज आली, लाइट भक्कन लागला, आणि अब्बा त्याच उजेडात पुढचं लोखंड आगीत घालू लागले. मला रडूच कोसळलं.

तुला फोनवर सांगायचं नाही अशी त्यांनी माझ्याकडून कसम घेतली आहे. पत्राचं काही बोलले नाहीत, म्हणून हे लिहिते. शनिवारी घरी ये. चूक झाली, माफ करा, असलं काही बोलू नकोस, त्यांना ते सोसणार नाही. माझ्या खोलीवर उजेड कमी पडतो, तो लाइट मला हवा, एवढंच म्हण. ते लगेच काढून देतील. तुझं मन राखायला या माणसानं चांगल्या डोळ्यांनी आंधळेपण पत्करलं आहे रे.

तुझीच,
गझाला आपा