योग्य वाटेल तसं

बाई, मागच्या आठवड्यात आपल्या नव्या इमारतीच्या चाव्या मिळाल्या. तुमची चावी तुमच्या भाच्याने घेतली. अकरावा मजला आलाय तुमच्या वाट्याला. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. भाचा फार आपुलकीने बोलला. "मावशी सारखी तुमचं नाव काढायची," म्हणाला, आणि मला तिथे उभं राहवेना.

मला तुमचा तो नियम आठवत होता. नवा इंग्रजी शब्द आला की त्याचं वाक्य घरचं हवं, गाईडमधलं चालणार नाही. भाईंदरच्या त्या मराठी शाळेत नववीच्या आम्हा पोरांकडे गाईडशिवाय दुसरं इंग्रजी होतं कुठे? पण तुम्ही ऐकायच्या नाहीत. 'एक्सपीडिएंट' हा शब्द आला तेव्हा गाईडात अर्थ छापला होता 'योग्य'. मी ऐटीत लिहिलं, 'इट इज एक्सपीडिएंट टु रिस्पेक्ट अवर पेरेंट्स.' तुम्ही वही हातात धरून हसत सुटलात. "का गं, सोयीचं पडतं म्हणून मान देतेस होय आईबापांना?" वर्ग खिदळला, माझे कान तापले. मग खडू खाली ठेवून तुम्ही सांगितलंत, "हा शाबासकीचा शब्द नाही. काम साधतंय ना, मग बरोबर की चूक ते कशाला बघा, असं म्हणून माणूस जे करतो, तिथे हा वापरायचा. योग्य असेल त्याला आपण प्रॉपर म्हणू." मी ते समासात लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी खरोखरच घरचं वाक्य आणलं. गोडदेवची खोली भाड्याने मिळावी म्हणून बाबांनी मालकाला आडनाव सांगितलं नव्हतं. आडनावावरून जात कळली असती, आणि त्यापायी आधीच दोन खोल्या हातच्या गेल्या होत्या. नुसतं नाव आणि गाव सांगून बाबांनी वेळ मारून नेली होती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी हे सगळं लिहिलं. ते तुम्ही वर्गात वाचून दाखवलं नाहीत. मधल्या सुट्टीत मला बोलावलंत आणि लाल पेनाने तेवढा एक शब्द खोडलात. "हा तुझ्या बाबांना लावायचा नाही. त्यांचा नाइलाज होता. सोय बघितली ती त्या मालकांनी." मला तेव्हा अर्धंमुर्धंच कळलं, पण त्या दिवशी घरी जाताना फार हलकं वाटत होतं.

पुढे लग्नानंतर सिल्व्हर पार्कला, तुमच्याच इमारतीत, मी घर बघायला आले, तेव्हा तुम्ही मला हाताला धरून सोसायटीच्या ऑफिसात नेलंत. तिथे बसलेल्या सगळ्यांना माझं नाव सांगितलंत, आडनावासकट, मोठ्याने. "माझी विद्यार्थिनी आहे ही," एवढंच वर जोडलंत. ते घर आम्हाला मिळालं.

आणि मग इमारत रिडेव्हलपमेंटला निघाली. सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुमची तेवढी राहिली. तुमचे गुडघे गेलेले, लिफ्टची धास्ती, तुम्हाला पहिल्याच मजल्यावरचं घर हवं होतं. सेक्रेटरी माझ्याकडे आले. "मॅडम, सबका हो गया, बस त्या बाई अडून बसल्यात. तुमचं ऐकतात त्या. तुम्हीच समजवा ना जरा." मी करार घेऊन तुमच्याकडे आले. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. "तूच वाच, मराठीत सांगत जा," म्हणालात. आपण स्वयंपाकघरात बसलो होतो, गॅसवर दूध होतं. मी एकेक कलम सांगत गेले. एका कलमात लिहिलं होतं की बिल्डर कुणाचाही मजला बदलू शकेल, 'ॲज ही मे डीम एक्सपीडिएंट'. मी सांगितलं, "योग्य वाटेल तसं."

तुम्ही दूध उतरवायला उठलात. पाठमोऱ्याच विचारलंत, "योग्य? तिथे शब्द कुठला आहे गं?"

"प्रॉपर, बाई."

"मग ठीक आहे. मला वर नाही ना टाकणार कुठे?"

"नाही हो. पहिलाच मजला."

मी बोट ठेवलं तिथे तुम्ही सही केलीत. मग मला चहा करून दिलात.

त्यानंतर तुम्ही काशीमीऱ्याला भाड्याच्या घरात गेलात. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दिवसभर ट्रकांची घरघर. मी दोनदाच आले. दोन्ही वेळा तुम्ही खिडकीपाशी बसून होतात आणि विचारत होतात, "आपलं बांधून कुठवर आलं?" काम तेव्हा बंदच पडलं होतं. मी म्हणाले, होतंय, बाई. त्या जिन्याने तुम्ही स्वतःच्या पायांनी पुन्हा खाली उतरलाच नाहीत.

सगळ्यांना मी सांगत आले की जुन्या इमारतीत स्लॅबचे तुकडे पडत होते, माझा नाइलाज होता. परवा तुमच्या भाच्यालाही तेच सांगितलं. स्लॅब पडत होता, खोटं नाही. पण मी तुम्हाला खरा शब्द सांगू शकले असते. तुम्ही सही केली नसतीत, मजला लिहून मागितला असतात, आणखी वर्ष गेलं असतं. मला वन रूम किचनचा कंटाळा आला होता, बाई. नव्या घरात मला एक खोली जास्तीची मिळणार होती. ती मिळालीय. रंगाचा वास अजून गेलेला नाही, आणि तिथेच बसून हे लिहितेय.

भाच्याला द्यायचं म्हणून हे लिहायला घेतलं होतं. देणार नाही. तुमच्यामागे त्याला कशाला त्रास, असं मनाशी म्हणतेय खरी. पण तुम्ही समोर असतात तर हेही घरचं वाक्य म्हणून वहीत लिहायला लावलं असतंत, आणि या खेपेला तो शब्द खोडला नसतात.