जोतिबाचा गुलाल आणि माझा रोल

१८ फेब्रुवारी
आजपासून मोबाईलवर फोटो बंद. रोलचा जुना कॅमेरा घेतला. तरुण पोरं परत फिल्मकडं वळायला लागलीत. कोल्हापुरात पुढाकार माझा. बायको म्हणाली, आधी माळ्यावरची गिटार वाजवा. तेजस्वीला कलेतलं कळत नाही.

२० फेब्रुवारी
चिमणाआत्तीच्या राजवीरचं लग्न झालं. रविवारी जोडीला घेऊन सगळे जोतिबाला. आत्तीला सगळ्या घराचा एकच फोटो पाहिजे, हॉलमध्ये लावायला. म्हटलं, रोलवर काढतो. म्हणाली, येतंय न्हवं तुला? नुसता हसलो. तिनं भिंतीत खिळा ठोकूनसुद्धा घेतलाय.

२१ फेब्रुवारी
मॅन्युअल जपानीत निघालं. कला वाचून येत नसते.

२३ फेब्रुवारी, जोतिबाहून आल्यावर
सगळ्यांचे मोबाईल पिशवीत टाकायला लावले. शिस्त म्हणजे शिस्त. राजवीर कुरकुरला. मी उजेड बघेपर्यंत आत्ती दुखऱ्या गुडघ्यांनी पायरीवर बसून राहिली. शेवटचा फोटो तर अप्रतिम. रोल संपला, आणि कुणीतरी चांगभलं म्हणत मूठभर गुलाल थेट कॅमेऱ्यावर उधळला. फोटो लाल यायला नकोत म्हणून तिथंच मागचं झाकण उघडलं, रोल उन्हात धरून फुंकून स्वच्छ केला. बाकी कुणाला सुचलं नसतं.

१ मार्च
रोल धुवायला पुण्याला गेलाय. आत्तीचा रोज फोन. म्हटलं, वाट बघण्यातच फिल्मची मजा हाय. म्हणाली, खिळ्याला राजवीर टोपी अडकवतोय.

८ मार्च
रोल आला. सगळा काळाकुट्ट. शाहूपुरीतल्या स्टुडिओवाल्या कल्लाप्पाण्णांनी विचारलं, झाकण उघडलासा व्हय? उजेड लागला की फोटो गेलेच. गुलालाचं सांगितलं. त्यांनी चहा मागवला. पुण्याच्या मशिनचाही दोष असू शकतो. पण आत्तीला काय सांगू? जेवण गेलं नाही.

९ मार्च
माफी मागायला आत्तीकडं गेलो. खिळ्यावर फोटो. तेजस्वीनं गुपचूप मोबाईलवर काढलेला. मधोमध आत्ती, शेजारी राजवीर आणि नवी सून स्वप्नाली, सगळं घर पोट धरून हसतंय. कडेला मी, गुलालानं लाल, उघड्या कॅमेऱ्यात गाल फुगवून फुंकतोय.
आत्ती म्हणाली, लई झ्याक आलाय, तुझ्यामुळंच सगळी एकदम हसली. म्हणजे फोटोमागची कल्पना माझीच.
घरी आल्यावर तेजस्वीनं विचारलं, कॅमेरा कुठं ठेवायचा? माळ्यावर गिटार जरा सरकवली. बसला.