चुलीजवळचा पाझर

आबा, तुमच्या माघारी उत्रोलीचं घर विकायला काढलं आहे. तुमच्या मुलाला, माझ्या भावाला, ते वैशाखातच उरकायचं होतं. "आत्ता फरशी कोरडी आहे. चुलीजवळ पाझर आहे हे कळणार कुणाला?" असं त्याचं म्हणणं. मी भोरला वकिलांकडे गेले. घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही असा दोष आपल्याला माहीत असेल तर तो सांगायलाच हवा, दडवला तर व्यवहार मोडू शकतो, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

तुम्ही तो आयुष्यभर दडवलात. आषाढात फरशीच्या सांध्यांतून पाणी वर यायला लागलं की आई चूल पडवीत मांडते, ती दसऱ्यानंतरच आत नेते. पाझराच्या जागी तुम्ही तिला रोज हळदकुंकू वाहायला लावलंत. कुणी ओल पाहिली की म्हणायचात, "देवाची जागा हाय ती, आत्ताच पुसलीय." पाहुणे हात जोडायचे. आत्याला बघायला मंडळी आली तेव्हा मी मध्येच बोलले, "न्हाई, ते खालनं येतंय." ते गेल्यावर तुम्ही मला समोर उभं केलंत. "घरातलं घरात ऱ्हायला पायजे." एवढंच. पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

घर बघायला भाटघरचं जोडपं आलं. तो टेम्पो चालवतो. हळदीचा डाग पाहून त्या बाईने हात जोडले. मी म्हटलं, "हात जोडू नका. खाली पाझर आहे. आषाढापासून दसऱ्यापर्यंत इथे पाणी असतं." भाऊ उठून बाहेर गेला. तिचा नवरा हसला, "बघ, देव न्हाई, डबकं हाय!" ती हसली नाही. "आमी पावसात येऊन बघतो मग," म्हणाली. गिऱ्हाईक मी घालवलं, असं ठरवून भावाने माझ्याशी बोलणं टाकलं. तुमच्यावर गेला आहे.

आज, भर श्रावणात, ते दोघे आले. तिने फरशीवर तळवा टेकला, ओला हात पदराला पुसला, सगळं घर पुन्हा फिरली आणि पडवीत थांबली.

"पावसाळ्यात शेगडी हितं मांडू की. वारं बी लई हाय."

"आन् देव?" नवऱ्याने चिडवलं.

"ऱ्हाऊ दे आत. तुमाला काय खायला मागतोय?"

घर ते घेणार आहेत. पाझराचा उल्लेख खरेदीखतात करायचा, हे मी वकिलांना सांगितलं आहे.

हा कागद कपाटातच राहील. एक मात्र लिहून ठेवते. आज ते यायच्या आधी मी फडकं घेऊन ती फरशी कोरडी पुसून काढली होती. चहा होईपर्यंत पाणी पुन्हा वर आलं. हे वकिलांना सांगितलेलं नाही.