शकू माझ्यासमोर बोलत नाही

जिंतूर, मंगळवार, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

शकू पुढच्या महिन्यात तीन वर्षांची होईल, आणि माझ्यासमोर पोर तोंड उघडत नाही. कुठे काही कमी तर नाही ना तिच्यात? आज मदरशातून, म्हणजे आमच्या सरकारी शाळेतून, जरा लवकर आलो. बायको सुमती भाकरी थापत होती आणि शकू तिच्याजवळ पिठाचे इवले गोळे मांडत होती. "हा चिमनीचा. हा गाईचा. हा बाबाचा." चक्क बोलत होती! मी आत पाऊल टाकलं आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे लपवले. माझी छडी पाहून वर्गातली मुलं असेच हात लपवतात. शकूला मी कधी मारलं नाही. पण महिनाभर रोज पाटीसमोर बसवून "म्हण, म्हण" करतो, ते काय कमी आहे?

सुमती म्हणाली, "तुमी दिसलात की लेकरू मुकं होयलंय. मास्तर मदरशातच ठेवून येत जा की."

शकूजवळ बसलो. हात अजून मागेच. दारात शेळी उभी होती. तिच्याकडे बोट दाखवून म्हणालो, "केवढा मोठा कावळा!"

शकू बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "शेली हाय."

"छे, कावळाच."

"शेली हाय, बाबा!" आणि खदखदून हसली.

मला भरून आलं. तरी लगेच "आता नीट म्हण, शेळी" असं ओठांवर आलंच. कसंबसं गिळलं. उद्या गिळता येईल?